फोन वाजला, उचलणार कोण?

वाचक विचारतात : ऑनलाइन जाहिरात आणि धंदा

या खेपेला पाच पत्रं घेतली आहेत. नाव छापू नका असं तिघांनी कळवलंय, म्हणून कुणाचंच छापत नाही.

प्रश्न : बी.कॉम. झालंय, पुण्यात तीन महिन्यांचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्सही केला. आता कोल्हापुरात स्वतःची एजन्सी काढायची आहे. भांडवल किती लागेल आणि महिन्याला दर काय लावावा? वडील म्हणतात, आधी नोकरी कर.
– एक तरुण, गडहिंग्लज

उत्तर : भांडवल म्हणाल तर एक लॅपटॉप, बऱ्यापैकी फोन आणि सहा महिने घर चालेल एवढे पैसे. ऑफिस नको. आणि वडिलांचं वर्षभर ऐकलंत तरी बिघडत नाही. मी 2014 मध्ये सुरुवात केली तेव्हा शाहूपुरीतल्या एका छापखान्यात डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर मांडायचं काम, करत होते. दिवसा श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर लग्नपत्रिका, हँडबिलं, वास्तुशांतीची निमंत्रणं. संध्याकाळी सात ते दहा घरी बसून फेसबुक पेज. नोकरी सोडली ती तीन वर्षांनी.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे महाद्वार रोडवरचं साडीचं एक दुकान. महिना तीन हजार. त्यात फोटो मी काढायचे, मजकूर मी लिहायचा, आणि जाहिरातीचा खर्चसुद्धा त्याच तीन हजारांतून. हिशेब मांडला असता तर पहिल्याच महिन्यात डोळे उघडले असते, पण पेजचे लाईक वाढत होते आणि मी खुशीत होते. दिवाळीत शेठ म्हणाले, “ताई, चार हजार लाईक झाले म्हणताय. एवढ्यास्नी बसवायला दुकानात जागा न्हाई. पण आलंय कोण?” मग मी दुकानात बसून पेज बघून आलेल्या बायका मोजल्या. अख्ख्या दिवाळीत अकरा.

तेव्हापासून नवीन काम घेण्याआधी मी त्या दुकानात अर्धा दिवस बसते, गल्ल्याशेजारी स्टूल टाकून. एका फर्निचरवाल्याकडे बसले होते, तासाभरात सात फोन वाजले आणि दोन उचलले गेले. त्याला म्हटलं, जाहिरात राहू द्या, आधी फोनवर माणूस ठेवा. त्यानं ऐकलं. माझं काम गेलं. आठ महिन्यांनी तो आपणहून परत आला. कोर्समध्ये हे शिकवत असतील तर मला माहीत नाही, पण तुमच्या पत्रात तरी त्याचा उल्लेख नाही.

आता पैशाचं. 2018 मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाची जाहिरात मी माझ्या क्रेडिट कार्डावर चालवली. ‘तुम्ही भरा, महिनाअखेर एकदम देतो.’ तीन महिन्यांत 62 हजार अडकले. फ्लॅटचं बुकिंग थंडावलं की पहिलं बिल थांबतं ते जाहिरातवालीचं. कार्डाचं व्याज कुणासाठी थांबत नाही. शेवटी माझा गळ्यातला साज गुजरीत, सराफांच्या पेठेत, गहाण ठेवला आणि तो सोडवायला चौदा महिने गेले. सासूबाई प्रत्येक हळदीकुंकवाला विचारायच्या, “साज का घालत नाहीस गं?”

म्हणून सांगते : जाहिरातीचे पैसे गिऱ्हाइकाच्या कार्डावरून थेट जाऊ देत. त्यावर 18 टक्के जीएसटीही लागतो, तोही त्यांनाच दिसू दे. आपल्या हातात आपली मजुरी तेवढी घ्यायची. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, फुकट होते, ती पहिल्या आठवड्यात करून टाका. नोंदणी असलेल्या छोट्या सेवा व्यवसायाचं बिल, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत चुकतं करावं लागतं. 2024 पासून आयकरातही याला धार आली आहे : मुदत चुकवणाऱ्या व्यापाऱ्याला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळते. एवढी एक ओळ आणि उद्यम क्रमांक मी बिलाच्या तळाशी छापते. मार्चमध्ये त्यांच्या अकाउंटंटचाच फोन येतो.

दर? मी आज छोट्या दुकानाकडून महिना बारा हजार घेते आणि एका वेळी नऊच कामं धरते. तुम्ही सहा-सातपासून सुरू करा. तीन महिन्यांचं लेखी घ्या, पहिल्या महिन्याचे आगाऊ घ्या. आगाऊ द्यायला जो खळखळ करतो, तो पुढेही तेच करणार.

प्रश्न : आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चपला बनवतात. मी इन्स्टाग्रामवर रोज 300 रुपयांची जाहिरात देते. गेल्या महिन्यात 200 मेसेज आले. ऑर्डरी झाल्या 9, त्यातल्या 4 परत आल्या. भाचा म्हणतो, रोजचे 1000 कर. करू का?
– एक भगिनी, सुभाषनगर, कोल्हापूर

उत्तर : नको. भाच्याला चहा द्या आणि त्याच्याकडून दुसरं काम करून घ्या, ते खाली सांगते.

आधी उरलेले 191 कुठे गेले ते बघू. तुम्ही पाठवलेले सगळे स्क्रीनशॉट मी वाचले. निम्म्याहून जास्त लोकांनी ‘किंमत?’ एवढंच विचारलंय आणि तुमचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी गेलंय. सकाळी घरचं, मग शिवणीचं काम. फोन हातात यायला दुपार होते, हे मला कळतं. पण रात्री साडेदहाला अंथरुणात पडून चपला बघणारा माणूस दुपारपर्यंत तुमच्यासाठी थांबत नाही. किंमत फोटोवरच लिहा. किंमत लपवली की गिऱ्हाईक बोलायला येतं, असं कुणीतरी पसरवून ठेवलंय. येतं, पण किंमत ऐकून जायलाच. ज्याला 1,800 परवडत नाहीत तो फोटो बघूनच पुढे जाईल आणि तुमचा अंगठा दुखायचा थांबेल. भाच्याला रात्री नऊ ते अकरा मेसेजवर बसवा. हजार रुपयांपेक्षा त्याचे हे दोन तास तुम्हाला जास्त देतील.

परत आलेल्या चारही चपला मापामुळे आल्या आहेत. कोल्हापुरीला बुटाचा नंबर चालत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार, पण बेंगळुरूच्या माणसाला कोण सांगणार? तो ‘आठ’ म्हणतो, तुम्ही आठ पाठवता. त्याचा पंजा रुंद, पायाचा अंगठा चपलेच्या अंगठ्यात शिरत नाही. शिरला तर नवी चप्पल चार दिवस चावते, आणि त्याला वाटतं मालच खराब.

माझ्या एका गिऱ्हाइकाकडे आम्ही असं केलं. ऑर्डर आली की सांगायचं : फरशीवर कोरा कागद ठेवा, त्यावर उभे राहा, पेन्सिलीनं पायाच्या कडेकडेनं रेघ ओढा, शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवा. कसं करायचं याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ केला. पाय त्यांच्या आईचाच, जोडव्यांसकट. लोक हौसेनं फोटो पाठवतात. काही कागदांवर शेजारी लेकराचंही पाऊल असतं. परत येणारा माल निम्म्याहून कमी झाला. चप्पल मऊ पडेपर्यंत तेल कसं लावायचं, त्याची चिठ्ठीही खोक्यात घाला. आणि पूर्ण रक्कम माल पोचल्यावर घेणं बंद करा. परत आलेल्या पार्सलचं जायचं आणि यायचं, दोन्ही भाडी तुमच्याच बोकांडी बसतात. दोनशे रुपये आधी घ्या. ज्याला खरंच हवी आहे तो देतो.

आता महिना. तुमच्या पत्रावर तारीख जुलैची आहे. जुलैत कोल्हापुरीची जाहिरात! रागावत नाही, कारण हाच शहाणपणा मी स्वतः केलाय. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या बड्या फॅशन कंपनीच्या मॉडेलांच्या पायांत थेट आपल्यासारख्या चपला दिसल्या. इकडे गदारोळ झाला. साहजिकच आहे, 2019 पासून या चपलेला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. जो तो कोल्हापुरी शोधायला लागला. मी माझ्या गिऱ्हाइकाला म्हटलं, हीच वेळ आहे, लावा पैसे. चार दिवसांत चाळीस जोडांच्या ऑर्डरी. घरात काम करणारी माणसं तीन, बाहेर पावसाची झड, चामडं वाळेना. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं ते चामडं, ओल धरणारच. पंधरा जोड वेळेवर गेले. बाकीच्यांचे पैसे परत केले. पोचलेल्यांपैकी दोघांना खोक्यात बुरशी सापडली आणि तिचे फोटो त्यांनी आमच्याच जाहिरातीखाली लावले. जाहिरात उत्तम चालली होती, हेच तर दुखणं.

तेव्हा पाऊस सरेपर्यंत एक रुपयाही लावू नका. साठलेले पैसे नवरात्रात वापरा. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला माणूस जाताना चप्पल बघतोच, आणि घ्यायची राहिली तर घरी गेल्यावर फोनवर शोधतो. तोवर घरात बसून फोटो काढा. वेणी, शिवण, तळ, सगळं जवळून. बोलण्याचे व्हिडिओही करा. पत्रात तुम्ही दोन ठिकाणी ‘मी देतो’ लिहून मग खोडून ‘देते’ केलंय. खोडू नका. कोल्हापूरची बाई ‘मी देतो’च म्हणते, व्हिडिओत तसंच बोला.

प्रश्न : आमच्या गुऱ्हाळाचं फेसबुक पेज गावातल्या एका मुलानं काढलं. 11 हजार लोक आहेत. मुलगा आता बाहेरगावी नोकरीला आहे, फोन उचलत नाही, पेज आमच्या हातात नाही. काय करावं?
– एक गूळ उत्पादक, पन्हाळा तालुका

उत्तर : सणाला गावी येईल तेव्हा गुळाची ढेप घेऊन त्याच्या घरी जा. थट्टा नाही. तो समोर बसला तर पेज तुमच्या नावावर करायला पाच मिनिटं लागतात. वाद घालून मिळवायला किती लागतील ते कुणी सांगू शकत नाही.

पुढच्या वेळी पेज, जाहिरातीचं खातं, वेबसाइटचं नाव आणि गुगल नकाशावरची नोंद, चारही तुमच्या ईमेलवर हवीत आणि ओटीपी तुमच्या मोबाइलवर यायला हवा. काम करणाऱ्याला फक्त वापरायची परवानगी. हे सांगायचा मला फारसा अधिकार नाही, कारण सुरुवातीची चार वर्षं मीही सगळ्यांची पेजं माझ्याच नावावर ठेवायचे. गिऱ्हाईक सुटू नये, दुसरं काही नाही. मग एका फसव्या लिंकवर मी बोट ठेवलं, माझा पासवर्ड गेला आणि सात दुकानांची पेजं आठवडाभर कुणाच्याच हातात नव्हती. ते सात फोन मला अजून आठवतात.

आणि ज्यांनी खरंच गूळ नेला त्यांचे नंबर वहीत उतरवा. 29 जून 2020 ला सरकारनं टिकटॉकसह 59 ॲपवर बंदी घातली. माझ्याकडच्या एका मसालेवाल्या काकूंचे लाखभर बघणारे तिथे होते, ते एका रात्रीत गेले. वहीत 312 नंबर होते. पुढच्या उन्हाळ्यातला सगळा कांदा-लसूण मसाला त्या 312 घरांतच संपला.

प्रश्न : घरी शिवलेल्या गोधड्या मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर विकायच्या आहेत. जीएसटी नंबर नाही. चालेल का?
– एक वाचक, कागल

उत्तर : महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात चालेल. 1 ऑक्टोबर 2023 पासून, उलाढाल मर्यादेच्या आत असलेल्या छोट्या विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात तसं विकता येतं. आपल्याकडे मालासाठी ही मर्यादा वर्षाला 40 लाखांची आहे. जीएसटीच्या पोर्टलवर पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक तेवढा घ्यावा लागतो. पण कागलकरांनी एक ध्यानात ठेवावं : निपाणी हाकेच्या अंतरावर असली तरी दुसऱ्या राज्यात आहे. तिथली ऑर्डर या मार्गानं घ्यायची तर नोंदणी लागेल.

प्रश्न : महिन्याच्या 1 तारखेला एआयकडून तीस पोस्ट लिहून घ्यायच्या आणि शेड्यूल करून मोकळं व्हायचं. मग तुमच्यासारख्यांना बारा हजार कशाला द्यायचे?
– एक दुकानदार, राजारामपुरी

उत्तर : नका देऊ. तीस पोस्ट टाकणं एवढंच काम असेल तर बारा हजार जास्तच आहेत. फक्त त्या स्वतः वाचून टाका. दर तिसऱ्या पोस्टमध्ये तांबडा-पांढरा रस्सा आला तर तेवढा काढा. तुमचं दुकान पंख्यांचं आहे.

शेड्यूलबद्दल मात्र माझीच गोष्ट सांगते. त्यात एआय नव्हतं, डोकं माझंच. 2019 च्या जुलैअखेर मी एका कपड्यांच्या दुकानाच्या ऑगस्टभराच्या पोस्ट लावून मोकळी झाले. 7 ऑगस्टची अशी होती : ‘खरेदीचा महापूर! वाहून जा!’ मला ती फार आवडली होती.

7 ऑगस्टला पंचगंगा शहरात होती. कुंभार गल्लीत पाणी, गणपती महिन्याभरावर आलेले आणि मूर्ती पाण्यात. शिरोलीजवळ हायवे बंद. आमच्या गल्लीत लाईट नव्हती, माझा फोन बंद पडलेला. पोस्ट सकाळी नऊला आपली आपण गेली. संध्याकाळी शेजाऱ्यांच्या जनरेटरवर फोन चालू केला तर खाली 140 कॉमेंट. त्यातली एकही छापण्यासारखी नाही. तेवढ्यात शेठचा फोन आला. “ताई, ती जाहिरात काढा आधी. दुकानात गुडघाभर पाणी हाय, त्याचं मी बघतो.”

पोस्ट काढली, माफी लिहिली. पुढचे नऊ दिवस त्या पेजवर कुठल्या मंगल कार्यालयात अंथरुणं कमी आहेत, कुठे प्यायचं पाणी आलंय, एवढंच टाकत होते. त्यातले निम्मे निरोप शेठच देत होते.

सणावाराच्या पोस्ट अजूनही मी आधीच लावून ठेवते. जुलै-ऑगस्टच्या मात्र आदल्या रात्री लावते, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघून. पाणी 39 फुटांवर गेलं, म्हणजे इशारा पातळीला लागलं, की सगळं शेड्यूल काढून टाकते. 43 ची, म्हणजे धोका पातळीची, वाट बघत नाही.