‘मीटिंगमधल्या कुणीतरी तुमची विनंती नाकारली’

‘‘मॅडम, लिंक माझ्याकडे असते, वेळेच्या आधी मी बसलेली असते, आणि तरी मला आत घेत नाहीत.’’ समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या, घरून काम करणाऱ्या माणसांकडून हे मी वारंवार ऐकते. भाषांतर करणारे, शिकवण्या घेणारे, हिशेबाची कामं करणारे. सांगताना बहुतेक जण खाली बघतात, जणू काही गुन्हाच कबूल करताहेत. म्हणून एका ताईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई नाशिकच्या, वय ४८. एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात बरीच वर्षं नोकरी केली. सासूबाईंच्या आजारपणात ती सोडली आणि घरूनच जीएसटी रिटर्न, हिशेब, ताळेबंदाची कामं घ्यायला लागल्या. रिटर्नची ११ तारीख आणि २० तारीख त्यांनी कधी चुकवली नव्हती. क्लायंट तीन, आणि तिघांच्या तीन तऱ्हा: एक गूगल मीटवर बोलावणार, दुसरा टीम्सवर, तिसरा झूमवर.

माझ्याकडे आल्या त्या झोपेची तक्रार घेऊन. मीटिंगच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, सकाळी छातीत धडधडतं, हात गार पडतात. मीटिंग ११ ची असली तर त्या सव्वादहापासून लॅपटॉपसमोर बसून राहायच्या. तरी गेल्या काही आठवड्यांत दोनदा त्यांना आत जाताच आलं नव्हतं. दुसऱ्या वेळी पडद्यावर वाक्य आलं, की मीटिंगमधल्या कुणीतरी तुमची विनंती नाकारली. ते त्यांना पाठ झालं होतं. ‘‘सरळ नाही म्हणून सांगायचं ना, मॅडम. असं दार कशाला लावून घ्यायचं?’’ लाजेपायी त्या क्लायंटचं तीन महिन्यांचं बिलसुद्धा त्यांनी पाठवलं नव्हतं.

पहिल्या दोन भेटींत मी श्वासावर आणि झोपेवर काम केलं. रात्री थोडा फरक पडला, सकाळची धडधड तशीच राहिली. आज मला वाटतं, ते वाक्य पडद्यावर कशामुळे आलं हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. तिसऱ्या भेटीला मी त्यांना लॅपटॉप घेऊन यायला सांगितलं.

माझ्या टेबलावर त्यांनी जुनीच लिंक उघडली. आत जाण्याआधीचा तो पडदा आला, कॅमेऱ्यात त्यांचाच चेहरा. वरच्या कोपऱ्यात छोटासा गोल, त्यात एक अक्षर. ते त्यांच्या नावाचं नव्हतं.

‘‘ताई, हा गोल कुणाचा?’’

त्या पुढे वाकल्या. चष्मा वर केला, खाली केला. ‘‘हे तर आमच्या मुलाचं. कॉलेजचं खातं आहे त्याचं. रात्री प्रोजेक्टला हाच लॅपटॉप घेतो तो.’’

एकाच ब्राउझरमध्ये दोन-तीन गूगल खाती उघडी असली, की सगळ्यांत आधी लॉगिन झालेलं खातं मुख्य धरलं जातं आणि लिंक बहुतेक वेळा त्याच नावाने उघडते. त्यांच्या लॅपटॉपवर पहिलं खातं मुलाचं होतं. म्हणजे पलीकडे क्लायंटला काय दिसलं असेल? हिशेबाच्या मीटिंगला एक अनोळखी मुलगा आत येऊ बघतोय. त्यांनी नकार दिला, आणि त्यांच्या जागी मीही दिला असता.

ताई बराच वेळ त्या गोलाकडे बघत राहिल्या. मग पदराने डोळे टिपले. ‘‘म्हणजे मी दारात उभी आहे हे त्यांना कळलंच नव्हतं.’’

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ पद्धत मांडली, तिचं मर्म इथे हाताला लागतं. घटना एक असते, आपण तिचा अर्थ लावतो तो वेगळा, आणि त्रास बराचसा त्या अर्थातून होतो. घटना होती चुकीच्या खात्याची. ताईंनी अर्थ लावला, की मी त्यांना नकोशी झालेय, माझं वय झालं. पण ही पद्धत शिकवताना एक गोष्ट मी आता आग्रहाने पाळते: अर्थाकडे वळण्याआधी घटना नीट तपासायची. कुलूप खरंच अडकलेलं असेल, तर ‘विचार बदला’ सांगून ते उघडणार नाही.

मग आम्ही कामाला लागलो. ब्राउझरमध्ये कामासाठी वेगळं प्रोफाइल केलं, त्याला गर्द हिरवा रंग दिला, त्यात फक्त ताईंचं व्यवसायाचं जीमेल ठेवलं. मुलाचं प्रोफाइल वेगळं. मीटिंगची लिंक आता हिरव्या खिडकीतच उघडायची, आणि ‘जॉइन’ दाबायच्या आधी कोपऱ्यातलं नाव मोठ्याने वाचायचं. ऐनवेळी गोंधळ झालाच तर इन्कॉग्निटो खिडकी. तिथे आधीचं कुठलंच लॉगिन नसतं, त्यामुळे स्वतःचं नाव टाकून आत येण्याची परवानगी मागता येते. मात्र यजमानाने बिनखात्याच्या लोकांना मज्जाव केला असेल तर ही वाट बंद. झूमवरही तसंच: काही यजमान फक्त लॉगिन केलेल्यांना किंवा ठरावीक ईमेलवाल्यांनाच येऊ देतात. आमंत्रण ज्या पत्त्यावर आलं, त्याच पत्त्याने लॉगिन करून जायचं.

टीम्सचं दुखणं वेगळं निघालं. त्या क्लायंटने ताईंना आपल्या संस्थेत पाहुणी म्हणून घेतलं होतं, फाइलींसकट. लॉगिन करताना फोनवरच्या ऑथेंटिकेटर ॲपने खात्री करून द्यावी लागायची. दिवाळीत ताईंनी फोन बदलला, नंबर तोच राहिला, आणि त्या दिवसापासून लॉगिन अडलं. त्यांना वाटत होतं पासवर्ड चुकतोय. त्या एकामागून एक पासवर्ड टाकत राहायच्या. अशाने खातं काही वेळ बंदच होतं, आणि घाबरलेल्या माणसाला वाटतं आता सगळंच गेलं.

पाहुण्याच्या ऑथेंटिकेटर ॲपची नोंद त्या-त्या संस्थेच्या दप्तरात असते. नवीन फोनमध्ये ॲप टाकलं म्हणून ती आपोआप येत नाही. जुना फोन जवळ असेल तर त्यावरून खात्री देऊन नवा फोन जोडता येतो. ताईंनी तो एक्स्चेंजमध्ये दिलेला. मग एकच मार्ग उरतो: क्लायंटच्या आयटीवाल्यांना नोंद रीसेट करायला सांगायचं. (फोनची वेळ पुढेमागे असली तरी ॲपमधले आकडे चुकीचे ठरतात, कारण ते दर ३० सेकंदांनी वेळेवरूनच बदलतात. ते आम्ही आधी तपासलं. वेळ बरोबर होती.)

‘‘त्यांना कशाला त्रास द्यायचा?’’ ताई म्हणाल्या. खरी गाठ इथे होती. त्या भेटीचा उरलेला वेळ आम्ही एका निरोपावर घालवला. पहिल्या मसुद्यात त्यांनी चार वेळा माफी मागितली होती आणि ‘मला यातलं फारसं कळत नाही’ असंही लिहिलं होतं. मी विचारलं, ‘‘नोकरीत असताना कपाटाची किल्ली हरवली, तर स्टोअरला काय लिहून द्यायचात?’’ त्यांनी खोडलं आणि नव्याने लिहिलं: ‘फोन बदलल्यामुळे माझं पाहुणी खातं उघडत नाही. आयटीकडून ऑथेंटिकेटरची नोंद रीसेट करून द्यावी. तोपर्यंत मीटिंगला मी लॉगिन न करता माझ्या नावाने येईन, कृपया आत घ्यावं. फाइली ईमेलने पाठवाव्यात.’

एक गोष्ट त्यांनी उठता उठता सांगितली, आणि ती ऐकून माझ्याच छातीत धस्स झालं. मधल्या काळात त्यांनी इंटरनेटवर शोधून एका ‘हेल्पलाइन’ला फोन लावला होता. पलीकडच्या माणसाने पडदा दाखवणारं ॲप टाकायला लावलं आणि ओटीपी मागितला. ओटीपी म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती: खातं अडलं तर मदत ज्याने बोलावलं त्याच्याकडे, किंवा ॲपच्या आतल्या मदत विभागात मागा. शोधून मिळालेल्या नंबरवर विसंबू नका, ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.

ते ॲप आम्ही तिथेच काढून टाकलं, बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड बदलला.

रीसेट तिसऱ्या दिवशी झालं. सोबत एका ओळीचा निरोप: ‘करून दिलंय, पुन्हा नोंदणी करा.’ मीटच्या मीटिंगला ताई या वेळी पाच मिनिटं आधी बसल्या. ‘‘नाव मोठ्याने वाचलं,’’ पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, ‘‘स्वयंपाकघरातून मुलगा विचारतोय, आई, स्वतःलाच काय हाका मारतेस?’’

मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. तीन महिन्यांचं बिल. रक्कम बरोबर आहे का हे त्यांना माझ्याकडून ऐकायचं नव्हतं, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पाठवताना सोबत काय लिहायचं, एवढंच विचारत होत्या.