थायलंडच्या गुहेतली पोरं खरंच झोपेत बाहेर आली का?

प्रश्न: नमस्कार, माझ्या सातवीतल्या मुलाला शाळेत २०१० ते २०२० मधल्या जगातल्या एका मोठ्या घटनेवर प्रोजेक्ट करायचाय, त्याने थायलंडच्या गुहेत अडकलेली फुटबॉल टीम निवडलीये. मी सांगितलं की त्या पोरांना झोपेचं औषध देऊन पाण्याखालून आणलं, तर म्हणतो, आई काहीही काय, झोपलेला माणूस बुडणार नाही का? आणि आपल्या किर्लोस्करची माणसं तिकडे गेली होती ना? शिवाय तो इंग्रजी बोलणारा मुलगा, त्याचं पुढे काय झालं? – एक वाचक, कराड

उत्तर: ताई, तुमचंच बरोबर आहे. २३ जून २०१८ ला ११ ते १६ वर्षांची १२ मुलं आणि त्यांचा २५ वर्षांचा कोच थाम लुआंग गुहेत गेले, पाऊस आला आणि वाट बुडाली. २ जुलैला दोन ब्रिटिश डायव्हर त्यांच्यापर्यंत पोचले, पण सापडली म्हणजे सुटली असं नव्हतं हो, तोंडापासून जवळजवळ चार किलोमीटर आत, मधे गढूळ पाणी, काही ठिकाणी जेमतेम एक माणूस सरकेल एवढी फट. ६ जुलैला समान कुनान हा थाई नौदलाचा माजी कमांडो आत हवेच्या टाक्या ठेवून परत येताना गेला. एवढ्या तयारीचा माणूस जातो तिथे पहिल्यांदाच पाण्याखाली जाणारं पोर घाबरून मास्क ओढणारच, आणि मग ते पोरही जाणार आणि त्याला आणणाराही.

म्हणून ऑस्ट्रेलियाचे भूल देणारे डॉक्टर रिचर्ड हॅरिस, जे स्वतः गुहेतले डायव्हर आहेत, त्यांनी आधी शांत करणारी गोळी, मग मांडीत केटामाइन या भुलीच्या औषधाचं इंजेक्शन आणि लाळ कमी व्हावी म्हणून अ‍ॅट्रोपिन दिलं. आता बुडणार नाही का, तर पूर्ण चेहरा झाकणारा मास्क होता आणि आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, म्हणजे कुठे फट राहिली तरी हवा बाहेर जाते, पाणी आत येत नाही. हात मागे बांधलेले. भूल उतरायला लागली की डायव्हरच वाटेत पुन्हा सुई टोचायचे, आणि ते काही डॉक्टर नव्हते. हॅरिस यांनी नंतर सांगितलंय की पोरं जगतील असं त्यांना स्वतःला वाटत नव्हतं. मला अजूनही हे वाचताना धस्स होतं, बेशुद्ध लेकराला काळ्या पाण्यात ढकलायचं म्हणजे काय काळीज लागत असेल. ८ जुलैला चार, ९ ला चार, १० ला उरलेली चार आणि कोच, सगळे जिवंत आले.

किर्लोस्कर ब्रदर्सची टीम ५ जुलैपासून तिथे होती, पाणी उपसायचं कसं आणि पंप कुठले यावर त्यांनी काम केलं, आणि तुमच्या शेजारच्या किर्लोस्करवाडीत चार मोठे पंप विमानाने पाठवायला तयार ठेवले होते. मुलाला एकदा तिकडे फिरवून आणा, प्रोजेक्टला छान होईल. आणि हे पण लिहायला सांगा की उपसलेलं पाणी खालच्या भातशेतात गेलं, लावणी बुडाली, तरी काही शेतकऱ्यांनी भरपाई नको म्हटलं. याबद्दल फार कोणी बोलत नाही.

इंग्रजी बोलणारा तो अदुल सामऑन, तेव्हा १४ वर्षांचा, म्यानमारच्या सीमेपलीकडून आलेला. डायव्हरने विचारलं कितीजण आहात, तर याने सांगितलं तेरा. सगळ्या जगाने त्याचा आवाज ऐकला तेव्हा त्याच्याकडे कुठल्याच देशाचं नागरिकत्व नव्हतं, आणखी दोन मुलं आणि कोच यांचंही तेच. त्या चौघांना ऑगस्टमध्ये थायलंडचं नागरिकत्व मिळालं आणि अदुल नंतर शिकायला अमेरिकेला गेला.