प्लंबिंगची ड्रॉइंग्ज बिनचूक असूनही साइटवर प्लंबर ती न बघताच काम करतात. ती त्यांच्या उपयोगी पडावीत म्हणून काय बदलू?

मी इमारतींच्या प्लंबिंगचं डिटेलिंग करतो, त्यामुळे टॉयलेटपुरतं बोलतो. तुमची ड्रॉइंग्ज आर्किटेक्टच्या मंजुरीसाठी बिनचूक असतीलही. पण प्लंबर टेप घेऊन उभा राहतो त्या दिवशी तिथे काय असतं? टाइल नाही, प्लास्टर नाही, फरशी तर नाहीच. असते ती उघडी वीट आणि भिंतीवर मारलेली लेव्हलची रेषा. ड्रॉइंगमधली मापं मात्र सगळी टाइलच्या तोंडापासून आणि एफएफएलपासून, म्हणजे तयार फरशीच्या पातळीपासून. मग तो एकतर मनात बेरीज-वजाबाकी करत बसतो, नाहीतर कागद गुंडाळून कोपऱ्यात ठेवतो.

समजा, एस-ट्रॅप कमोडचं (ज्याचा पाइप खाली फरशीत जातो) आउटलेट तयार भिंतीपासून 220 मिमीवर हवंय. प्लास्टर, अ‍ॅडेसिव्ह आणि टाइल मिळून 25 धरले तर विटेपासून 245. मग 245च लिहा, शेजारी बारीक 'विटेपासून, फिनिश 25 धरून'. नुसतं 220 लिहिलंत आणि त्याने ते विटेपासून धरलं, तर टाइल लागल्यावर कमोड बसतच नाही. उंचीचंही तसंच. रेषा एफएफएलपासून 1000 वर असेल तर बेसिनच्या अँगल कॉकला '550' न लिहिता 'रेषेखाली 450' लिहा, शॉवरला 'रेषेवर 1100'. मापं एका कोपऱ्यापासून चढती द्या. तुकड्यातुकड्याने दिलेल्या मापांत प्रत्येक वेळी दोन-तीन मिमी सरकतात आणि शेवटच्या पॉइंटला सगळे जमा होतात.

उताराबद्दल नुसतं '1:60' लिहून भागत नाही. 3 मीटरला 50 मिमी उतार पडतो, हे गणित तुम्ही करा आणि पाइपच्या दोन्ही टोकांचे इन्व्हर्ट, म्हणजे पाइपच्या आतल्या तळाची पातळी, रेषेपासून लिहा.

आता मिरर फ्लॅट. 'फ्लॅट 2 हा फ्लॅट 1 चा मिरर' ही ओळ मला सगळ्यात धोकादायक वाटते. भिंत उलटते, पण गरम पाणी डावीकडेच राहायला हवं! मिरर मारला की तेही उजवीकडे जातं आणि हे लक्षात येतं गीझर चालू केल्यावर. दोन्ही फ्लॅटच्या भिंती वेगळ्या काढा, प्रत्येक भिंतीचं समोरून दिसणारं चित्र, 1:20 ला, ए-3 वर. ए-1 चा कागद साइटवर उलगडायला जागा नसते, आणि त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो मोबाइलवर कुणाला वाचता येत नाही. रंगांवरही विसंबू नका. गरम-थंडची लाल-निळी लाइन झेरॉक्समध्ये सारखीच काळी येते. एक अखंड, एक तुटक ठेवा.

भाषेचं म्हणाल तर पुण्या-मुंबईच्या साइट्सवर बरेच प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाडा भागातले असतात. तिथे पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थासुद्धा आहे. कामात ते पक्के असतात, त्यामुळे 'सांधे नीट करावेत' छापाच्या नोट्सचा इंग्रजी रकाना काढून टाका. मराठीतही नको. त्यांना आकडा आणि चित्र हवं. पाइपला '20 मिमी' बरोबर 'पाऊण इंच' लिहा, कारण दुकानात तो तसाच मागितला जातो.

पहिलं टॉयलेट होताना शक्यतो तिथे थांबा आणि फोरमनच्या हातात लाल पेन द्या. तो जिथे खुणा करेल ती मापं पुढच्या रिव्हिजनमध्ये घ्या, रिव्हिजन नंबर ठळक टाका, आणि जुने कागद मागून घेऊन फाडा. हे शेवटचं कुणी करत नाही.

एक राहिलं. कन्सील्ड डायव्हर्टरचं (शॉवर-नळाकडे पाणी वळवणारा, भिंतीत गाडलेला व्हॉल्व्ह) मॉडेल ठरलेलं नसेल तर अंदाजाने खोली लिहू नका. कंपनी तयार भिंतीपासून कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोली देते, आणि ती मॉडेलप्रमाणे बदलते. तेवढा भाग रेषेने घेरून 'मॉडेल आल्याशिवाय झिरी मारू नये' असं लिहा. अंदाजाचं माप त्याने इमानाने पाळलं तरी पुढे टाइल फोडायची वेळ आली की बोलणी त्यालाच बसतात.