आधी विषयसूची उघड

प्रिय पोरी,

डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. इकडे डायरेक्ट सेकंड इयरला बी.ई., तिकडे अमेरिकेत ‘इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ची पदवी, आणि घरात जितकी माणसं तितकी मतं. तुझी घालमेल कळते. पण तू विचारलंस काय? पगार कुठे जास्त, नाव कुठलं भारी. विषयसूची उघडलीस का? दोन्हीकडे गणित कुठपर्यंत जातं, ते पाहिलंस का?

आपल्याकडे बी.ई. काय आणि बी.टेक. काय, दोन्ही सारखंच. म्हणून मामा सांगतात, ‘तिकडेही तसंच असेल.’ तसं नाही. तिथे मान्यता देणारी संस्था एकच, अबेट, पण तिची मंडळं वेगळी: इंजिनिअरिंगला ईएसी, टेक्नॉलॉजीला ईटीएसी. ईएसीच्या पदवीत गणित आणि मूलभूत विज्ञान मिळून किमान 30 सेमिस्टर क्रेडिट लागतात. टेक्नॉलॉजीतही कॅल्क्युलस असतं, पण भर त्याच्या वापरावर आणि प्रयोगशाळेवर.

फरक कसा पडतो ते बघ. सातपूरच्या एखाद्या कारखान्यात पंप थरथरतोय. चार पोलची मोटर, 1440 आरपीएम, म्हणजे सेकंदाला 24 फेरे. सॉफ्ट फूट (नीट न टेकलेला मोटरचा पाय) तपासायचा, शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालायच्या, कपलिंगवर डायल गेज लावून अलाइनमेंट करायची, रोटर बॅलन्स करायचा. हे तुला आज येतं, आणि टेक्नॉलॉजीची पदवी ते आणखी पक्कं करेल. या कामाला हलकं म्हणणाऱ्याला कारखाना कळलेलाच नाही. पण एवढं करूनही थरथर राहिली आणि वेग थोडा कमी करताच पंप शांत झाला, तर संशय खालच्या बेसफ्रेमवर जातो: तिची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का दिल्यावर ती आपोआप सेकंदाला जितक्या वेळा थरथरते तो आकडा, 24 हर्ट्झच्या जवळ असणार. आता शिमांचा उपयोग नाही. पट्ट्या वेल्ड करून फ्रेमचा ताठरपणा दुप्पट केलास, तरी वारंवारता दुप्पट होत नाही. ती ताठरपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, म्हणून साधारण 1.4 पटच वाढते, आणि वाढलेल्या वजनामुळे त्याहूनही थोडी कमी. पट्टी किती जाड, कुठे लावायची, हे ठरवायला डिफरन्शियल इक्वेशन हाताशी लागतं.

मी गणिताचा हेका धरतो असं तुला वाटेल. धरतोच. अलाइनमेंट नोकरीत शिकता येते, शिकवणारा फिटर शेजारीच उभा असतो. लाप्लास ट्रान्सफॉर्म शॉपफ्लोअरवर कोण शिकवणार? आणि नाइट शिफ्ट करून आल्यावर तिशी-पस्तिशीत वही उघडायचं भल्याभल्यांच्यानं होत नाही.

पुढची दारंही इथेच ठरतात. अमेरिकेत पी.ई., म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअरच्या परवान्यासाठी काही राज्यं टेक्नॉलॉजीची पदवी धरतच नाहीत, काही जास्त वर्षांचा अनुभव मागतात. एम.एस.ला बऱ्याच ठिकाणी आधी राहिलेलं गणित पूर्ण करायला लावतात. मधेच इंजिनिअरिंगकडे वळायचं म्हटलं, तर टेक्नॉलॉजीकडच्या टेक्निकल कॅल्क्युलसचे क्रेडिट सहसा चालत नाहीत. एजंट हे सांगणार नाही.

तेव्हा दोन्ही अभ्यासक्रमांचे पूर्ण पीडीएफ काढ, माहितीपत्रकं नकोत. कॅल्क्युलस किती सेमिस्टर आहे, डिफरन्शियल इक्वेशन सक्तीचं आहे का, फिजिक्स कॅल्क्युलसवर आधारलेलं आहे की बीजगणितावर, हे पेन्सिलनं खुणावून ठेव. त्या पदवीपुढे ईएसी आहे की ईटीएसी, ते अबेटच्या साइटवर स्वतः पाहा. विद्यापीठाला मान्यता आहे म्हणजे तुझ्या शाखेला आहे, असं अजिबात नाही. इथल्या कॉलेजचंही एनबीए, म्हणजे आपल्याकडच्या मान्यता मंडळाची मान्यता, शाखेनुसारच तपास. एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानणाऱ्या देशांच्या वॉशिंग्टन करारात भारत 2014 पासून आहे, पण त्याचा लाभ एनबीएच्या टियर-वन मान्यतेच्या अभ्यासक्रमांनाच मिळतो.

बी.ई. घेतलीस तर तिथेही खड्डा आहे, आणि तो पुन्हा गणिताचाच. डायरेक्ट सेकंड इयरला पहिल्या वर्षाचं गणित, एम-वन आणि एम-टू, हुकतं आणि एम-थ्री एकदम अंगावर येतं. डिप्लोमात टॉपर असलेली मुलं तिथे केटी घेऊन बसतात, ती हुशारी कमी पडते म्हणून नव्हे, मधली पायरीच नसते म्हणून. शेवटचा पेपर झाला की प्रवेशाच्या कॅप राउंडची वाट बघत बसू नकोस. रोज दोन तास: आधी इंटिग्रेशन, मग मॅट्रिक्स, पार्शल डिफरन्शिएशन, शेवटी पहिल्या ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन्स. गणितं वहीत सोडवायची, व्हिडिओ बघून मान डोलवायची नाही.

टेस्टिंग, कमिशनिंग, सीएनसी यांतच तुझा जीव रमत असेल, तर टेक्नॉलॉजी खुशाल घे, मनापासून घे. फक्त गणित टाळायला म्हणून घेऊ नकोस.

रविवारी सकाळी दोन्ही पीडीएफ छापून घेऊन ये. खुणा केल्या नसतील, तर येऊ नकोस.

तुझा,
सर