एवढ्या दुर्मिळ कॅन्सरवर कुणी करिअर करतं का?

पत्र: माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, विज्ञान शिकते. दोन वर्षांपूर्वी माझी आई मर्केल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कॅन्सरने गेली. गालावर डास चावल्यासारखी गाठ आली होती, दुखत नव्हती. पहिल्या डॉक्टरांनी साधं गळू म्हणून सोडून दिली. तेव्हापासून मुलीने ठरवलंय, याच कॅन्सरवर संशोधन करायचं. आईची दवाखान्यातली फाइल ती उशाशी घेऊन झोपते. घरातले म्हणतात, ज्याचे पेशंटच नाहीत त्या आजारावर आयुष्य घालवून हिचं पोट कसं भरणार? मला वाटतं, तिचं दुःखच हे सगळं बोलतंय. तिला निदान नेहमीच्या, मोठ्या कॅन्सरकडे वळवता येईल का? डॉक्टर व्हावं की संशोधक? आणि ती फाइल मी काढून ठेवू का?

ताई,

फाइलचं शेवटी बोलू. आधी पोटापाण्याचं, कारण घरातले म्हणतात त्यात तथ्य आहे आणि ते तुमच्या लेकीनेही ऐकायला हवं.

ज्या आजाराचे रुग्ण कमी, त्याच्या संशोधनाला पैसा कमी मिळतो, औषध कंपन्या उशिरा वळतात आणि प्रयोगशाळाही मोजक्याच असतात. अवेलुमॅब हे मर्केल सेलसाठी मान्यता मिळालेलं पहिलं औषध २०१७ मध्ये आलं. ज्या चाचणीच्या जोरावर ते आलं तिच्यात रुग्ण होते ८८. ते ८८ जमवायला उत्तर अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि आशिया मिळून ३५ केंद्रं लागली. भागाकार करून बघा, एका केंद्राच्या वाट्याला जेमतेम अडीच रुग्ण! त्यांतल्या २८ जणांच्या गाठी बऱ्याच आकसल्या किंवा नाहीशा झाल्या, आणि ज्या आजारात केमोचा परिणाम टिकत नव्हता तिथे ही फार मोठी गोष्ट होती. पण ‘मी फक्त मर्केल सेलवरच काम करणार’ असं म्हणून कुणी नोकरी शोधायला निघालं तर ठोठावायला दारं थोडीच सापडतील. इथपर्यंत घरचे बरोबर.

त्यांची चूक पुढे होते. संशोधक एखाद्या आजाराला आयुष्य वाहून घेतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो आधी एक काम शिकतो. कुणी ऊतींचे काप वाचायला शिकतो, कुणी विषाणू हाताळायला, कुणी आकडे. मग ते काम घेऊन तो प्रश्नाकडे जातो. पगार मिळतो तो त्या कामाचा.

यावर एक गोष्ट सांगते. लेकीला बहुधा ती माहीत असेल. युआन चँग आणि पॅट्रिक मूर या जोडप्याने १९९४ मध्ये कापोसी सार्कोमा या त्वचेवर दिसणाऱ्या दुसऱ्या एका दुर्मिळ कॅन्सरमागचा विषाणू शोधला होता. शोधायची पद्धत वजाबाकीची: आजारी ऊतीत जे आहे त्यातून निरोगी ऊतीत असलेलं वगळायचं आणि काय उरतं ते बघायचं. पुढे पिट्सबर्ग विद्यापीठात हुइचेन फेंग आणि मासाहिरो शुदा यांच्यासोबत त्यांनी हाच विचार मर्केल सेलला लावला. चार गाठींमधले जवळपास चार लाख जनुकीय तुकडे वाचले, आणि ज्या तुकड्याचा माणसाच्या जनुकांशी मेळ बसतो तो संगणकाने बाजूला काढत नेला. शेवटी हाती आलेला एक तुकडा माकडात सापडणाऱ्या एका पॉलिओमा विषाणूशी मिळताजुळता निघाला. मग दहा गाठी तपासल्या, आठांत तो विषाणू होता. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. माणसाच्या कॅन्सरशी इतकं घट्ट नातं असलेला हा पहिला पॉलिओमा विषाणू.

आता यात किती जणांचे हात लागले ते मोजा. वर्षानुवर्षं गाठी गोठवून नीट नोंदी ठेवणारे, हा मर्केल सेलच आहे अशी खात्री देणारे पॅथॉलॉजिस्ट, जनुकीय तुकडे वाचणारे, आणि वजाबाकीचा प्रोग्राम लिहिणारे. यांतलं एकही काम मर्केल सेलपुरतं नाही. ज्याला ही वजाबाकी येते तो उद्या फुप्फुसाच्या कॅन्सरवर काम करू शकतो, साथीच्या आजारावरही. तेव्हा तिला ‘मोठ्या’ कॅन्सरकडे वळवण्याची घाई करू नका. काम शिकताना ती तिकडून जाईलच. शिवाय युरोपात ज्यांना दुर्मिळ धरतात, म्हणजे वर्षाला लाखात सहापेक्षा कमी नवे रुग्ण असलेले, ते सगळे कॅन्सर एकत्र केले तर एकूण कॅन्सर रुग्णांचा जवळपास पाचवा हिस्सा होतो. एकेकटे छोटे आहेत, एवढंच.

डॉक्टर की संशोधक, हा प्रश्न मला थोडा वेगळा विचारावासा वाटतो. दिवसाचे आठ तास समोर काय असलेलं तिला आवडेल? माणूस, काचपट्टी, परीक्षानळी की आकडे?

काचपट्टीवर जरा थांबते, कारण तुमच्या आईच्या आजाराची ओळख तिथेच पटली असणार. मर्केल सेलची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ती निळ्या, गोल, एकमेकींना खेटून बसलेल्या बारीक पेशींची गर्दी. अडचण अशी की फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर त्वचेत पसरला तर तोही हुबेहूब असाच दिसतो, आणि दोन्हींचे उपचार वेगळे. मग खास रंग देतात. सीके२० नावाच्या प्रथिनाचा रंग दिला की मर्केल सेलच्या पेशीत केंद्रकाला चिकटून एक तपकिरी ठिपका उमटतो, पेशीगणिक एक. टीटीएफ-१ या दुसऱ्या प्रथिनाचा रंग मात्र सहसा चढत नाही. फुप्फुसाच्या बाबतीत बहुधा याच्या उलट. तो ठिपका एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही, असं पॅथॉलॉजीतली मंडळी सांगतात. हे काम वैद्यकीय पदवीनंतर पॅथॉलॉजीत विशेष शिक्षण घेऊन करता येतं. वाट लांब आहे, दहा-बारा वर्षं धरून चाला. पण पॅथॉलॉजिस्टला रोज हजार प्रकारच्या गाठी बघायच्या असतात, त्यामुळे पोटाची चिंता नाही आणि दुर्मिळ गाठ दारात आली की ओळखणारी पहिली व्यक्ती तीच.

विज्ञानाची पदवी, मग पीएच.डी. ही वाट संशोधनाकडे लवकर नेते, पण जास्त खडतर आहे, हे लपवत नाही. कायमच्या जागा कमी, अनुदान दोन-तीन वर्षांचं, आणि पीएच.डी.चा विषय बरेचदा आपण निवडत नाही, ज्या प्रयोगशाळेत जागा मिळते तिचा असतो. प्रयोगही सरळ चालत नाहीत. विषाणू असलेल्या मर्केल सेलच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या तर बऱ्याच कॅन्सर पेशींसारख्या ताटलीला चिकटत नाहीत, द्रवात गुच्छ करून तरंगतात. एरवी सोपी वाटणारी कामं तिथे नव्याने बसवावी लागतात. ज्याला असली किचकट खटपट आवडते त्याने खुशाल जावं.

आकड्यांची वाट फार थोड्यांना सुचते, आणि मला ती दुर्मिळ आजारांत सगळ्यांत कमी गर्दीची वाटते. ८८ रुग्णांवरून खात्रीने काय म्हणता येतं आणि काय नाही, हे सांगणारा संख्याशास्त्रज्ञ अशा क्षेत्रात सोन्यासारखा.

आणखी एक वाट आहे. मर्केल सेल त्वचेत होतो, पण त्याच्या पेशींचं वागणं न्यूरोएंडोक्राइन असतं. म्हणजे मज्जापेशींचे आणि संप्रेरकं सोडणाऱ्या पेशींचे, असे दोन्हीकडचे गुण त्यांत दिसतात. आतडं, स्वादुपिंड, फुप्फुस इथेही असे ट्यूमर होतात. १९०७ मध्ये ओबर्नडॉर्फर या जर्मन पॅथॉलॉजिस्टनी आतड्यातल्या अशा गाठींना ‘कार्सिनॉइड’ म्हटलं, म्हणजे कॅन्सरसारखं. त्या निरुपद्रवी आहेत असा त्यांचा समज होता, पुढे त्यांनी स्वतःच तो सुधारला. या ट्यूमरच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राहक, म्हणजे ते जिथे येऊन बसतं अशी कुलपं, पुष्कळ असतात. त्या कुलपात बसणाऱ्या किल्लीला ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडून आतच मारा करायचा, असा उपचार आता आहे. २२९ रुग्णांच्या चाचणीत वीस महिन्यांनंतर आजार न वाढलेल्यांचं प्रमाण या उपचाराने ६५ टक्के, तर तुलनेच्या गटात ११ टक्के असल्याचा अंदाज निघाला. ल्युटेशियम साडेसहा दिवसांत निम्मं होतं, म्हणून ते बनवण्यापासून रुग्णाला देईपर्यंत सगळी घड्याळाशी शर्यत. तिथे रसायनशास्त्रज्ञ लागतात, भौतिकशास्त्रज्ञ लागतात. तुमच्या लेकीला जीवशास्त्रापेक्षा भौतिकशास्त्र आवडत असेल, तर तीही वाट बंद नाही. हे तिला कुणी सांगितलं नसेल.

आता दुःखाचं. तुमची शंका रास्त आहे, पण दुःख हे वाईट कारण आहे असं मी म्हणणार नाही. ते दारापर्यंत आणून सोडतं. पुढची कंटाळवाणी तीनशे मंगळवारं काढायला मात्र ते पुरत नाही, तिथे कामाचीच गोडी लागते. माझ्याकडे एक मुलगी अशीच भावाच्या आजारामुळे आली होती. प्रयोगशाळेत गेल्यावर उंदरांचं काम तिला झेपेना, सहा महिन्यांत रडकुंडीला आली. आज ती कॅन्सरच्या नोंदणीत आहे, कोणता आजार कुठे, किती, कुणाला, हे मोजते आणि त्यात रमली आहे. दुर्मिळ आजार तर अशा मोजणीशिवाय कुणाला दिसतही नाहीत. दुःख तेच, काम बदललं.

पत्रातली आणखी एक गोष्ट मला खटकली, ती गळू म्हणून सोडून दिलेल्या गाठीची. तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. १९५ रुग्णांच्या एका अभ्यासात निम्म्याहून अधिक गाठी डॉक्टरांना आधी साध्याच वाटल्या होत्या, आणि सगळ्यांत जास्त वेळा अंदाज होता गळूसारख्या गाठीचाच. ती दुखत नाही, हीच तिची फसवी खूण. भराभर वाढणारी, न दुखणारी, उन्हात राहणाऱ्या त्वचेवरची, पन्नाशी उलटलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाची गाठ तपासून घ्या, हे त्याच अभ्यासातून पुढे आलं. घरात ‘आपण लवकर का नाही गेलो’ हा विषय निघत असेल, तर हे आठवा.

लेकीलाही दोन ओळी, कारण हे पत्र ती वाचणारच.

अगं, तुला एक काम देते. दहापैकी आठ गाठींत विषाणू सापडला, एवढ्यावरून ‘विषाणूमुळे कॅन्सर होतो’ असं का म्हणता येत नाही, ते एका पानात लिही. लक्षात ठेव, हा विषाणू बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात कधी ना कधी येऊन गेलेला असतो आणि त्यांना काहीच होत नाही. मग दुसऱ्या पानावर लिही, की एका गाठीतल्या पेशींत तो जनुकांत एकाच जागी घुसलेला दिसला, याने काय सिद्ध होतं. पुढे त्या विषाणूची प्रथिनं बंद केल्यावर पेशी मरू लागल्या, त्याने काय. आणि ऑस्ट्रेलियात विषाणू नसलेल्या गाठीच जास्त का सापडतात, त्यात उन्हाचा हात कसा. लिहिताना वेळेचं भान राहिलं नाही, तर ते मला कळव. कंटाळा आला तर तेही कळव, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि घाबरू नकोस. १८६८ मध्ये पाउल लांगरहान्स नावाच्या एकवीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने त्वचेत फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या आणि त्या मज्जापेशी आहेत असं लिहिलं. त्या निघाल्या प्रतिकारशक्तीच्या, पण ते कळायला शंभर वर्षं गेली. पुढच्याच वर्षी त्याने स्वादुपिंडातली बेटं पाहिली, ज्यांतून तुझ्या न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरचा एक मोठा गट येतो. मर्केल यांनी त्वचेतल्या स्पर्शपेशी १८७५ मध्ये टिपल्या. मर्केल सेल कार्सिनोमा खरोखर त्याच पेशीतून उगवतो का, यावर आजही वाद आहे. आजीच्या आजाराच्या नावातच एक न सुटलेला प्रश्न आहे.

ताई, आता ती फाइल. काढून ठेवू नका. तिच्यात पॅथॉलॉजीचा अहवाल असेल, बहुधा दोन पानी, आणि कुठेतरी सीके२० आणि टीटीएफ-१ या ओळी असतील. तुमच्या पत्रावरून वाटतं की तुम्ही तो कधी उघडलेला नाही. एका संध्याकाळी तिच्याशेजारी बसा आणि ते पान तिला तुम्हाला समजावून सांगू द्या. ती कुठे अडखळते ते बघा, आणि कुठे भरभर बोलू लागते तेही. मग मला लिहा.