युनायटेडच्या नव्या फॅनला, पॉइंट टेबल जरा कमी बघ

भावा, जुना मॅनेजर फर्ग्युसनच्या काळातले किस्से ऐकून तू मँचेस्टर युनायटेडचा फॅन झालास आणि आता दर वीकेंडला तोंड पाडून बसतोस, तर आधी अपेक्षा खाली आण. 2024-25 ला प्रीमियर लीगमध्ये टीम 15वी आली, 42 पॉइंट, वर युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून 1-0 ने हरली. इतकी बिघडलेली टीम एका ट्रान्सफर विंडोत, म्हणजे खेळाडू विकत घ्यायच्या एका मुदतीत, सुधरत नाही, कितीही पैसे ओता.

आर्सेनलचं बघ ना, मॅनेजर आर्टेटा डिसेंबर 2019 ला आला, दोन सीझन आठवा नंबर, मग 2021-22 च्या पहिल्या तिन्ही मॅच हरले, एक गोल नाही, मँचेस्टर सिटीने तर पाच घातले, तेव्हा काढा ह्याला म्हणून केवढी बोंब झालेली. क्लबने काढलं नाही, त्याच सीझनला पाचवे आले, पुढच्या वर्षी दुसरे.

मॅच बघताना एवढंच बघ, कीपरने जवळ पास दिला आणि समोरचे प्रेस करायला, म्हणजे बॉल हिसकावायला, धावले की आपले मिडफिल्डर बॉल मागायला येतात का पाठ करून उभे राहतात? आधी घाबरून लांब मारायचे आणि आता खेळत बाहेर पडतायत, तर हरले तरी काम चालूय. आठ-दहा मॅच एकत्र धरून बोल.

आणि टीम सोडायची भाषा नको रे. बालेवाडीत एफसी पुणे सिटीसाठी घसा फोडणारी पोरं आठव, 2019 ला त्यांची टीमच बंद झाली. पुढच्या मॅचला कोथरूडला घरी ये, मिडफिल्ड कसं बघायचं ते दाखवतो.