दोन युनिट, एकच आयपी रेंज

प्रश्न : सर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे, शेजारचं युनिट पण आता आम्हीच चालवायला घेतलंय. दोन्हीकडं राऊटरचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) १९२.१६८.१.१ च. आमचा डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारी पेटी) .५० वर, म्हणजे १९२.१६८.१.५० वर, आणि तिकडचा लेबल प्रिंटर पण .५० वरच. एका लिनक्स सर्व्हरला दोन लॅन कार्ड टाकून दोन्ही वायरी जोडल्या तर पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतंय का बघायची चाचणी) एकाच बाजूला जातंय. तिकडचे आयपी बदलायला मशीनवाल्याचा माणूस लागतो आणि तो काय येईना.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : हे होणारच ओ. १९९६ च्या आरएफसी १९१८ नं (इंटरनेटच्या नियमांचा एक कागद) खासगी नेटवर्कसाठी ठराविक रेंज (आयपींचे गट) मोकळ्या ठेवल्या, त्यातली १९२.१६८.१ बरेच राऊटरवाले कारखान्यातनंच टाकून पाठवतात, मग ज्याच्या त्याच्याकडं तीच. सर्व्हरला एकाच रेंजचे दोन रस्ते दिसले की तो मेट्रिक (रस्त्याचा पसंतीक्रम) बघून एकच धरतो, दुसरं कार्ड नुसतं लाईट मारत बसतं. कुणीतरी आयपी रूल (रस्ता निवडायचे नियम) लावा म्हणून सांगेल, पण त्यानं बहुतेक वेळा सोर्स (पाठवणाऱ्याचा आयपी) बघून रस्ता ठरतो, .५० म्हणजे डीव्हीआर का प्रिंटर हे तुमच्या प्रोग्रॅमला कुठं कळतंय?

नेटवर्क नेमस्पेस करा, म्हणजे एकाच सर्व्हरच्या आत दुसरं वेगळं नेटवर्क. 'आयपी नेटएनएस ॲड शेजार' दिलं की 'शेजार' नावाच्या नेमस्पेसचं वेगळं राऊटिंग टेबल (रस्त्यांची यादी), वेगळं फायरवॉल तयार, मग दुसरं कार्ड त्यात ढकलायचं. ढकलल्यावर कार्डावरचा आयपी उडतो, तो आत परत टाकून कार्ड अप करा, आणि ज्या कार्डावरनं एसएसएच (लांबनं लॉगिन) केलंय तेच ढकलू नका म्हणजे झालं. छपाईचाच प्रोग्रॅम असेल तर तो 'आयपी नेटएनएस एक्झेक शेजार' लावून आतच चालवा, विषय संपला.

एकाच प्रोग्रॅमला दोन्हीकडं बघायचं असेल तर मात्र जरा खटपट आहे. व्हीईथची जोडी (सॉफ्टवेअरमधल्या वायरीची दोन टोकं) टाकून नेमस्पेस मेन सर्व्हरला जोडा, शेजारला १०.५०.१.०/२४ (म्हणजे १०.५०.१ नं सुरू होणारे सगळे आयपी) अशी खोटी रेंज द्या, मेनमध्ये तिचा रूट (रस्ता) व्हीईथकडं लावा आणि नेमस्पेसमध्ये आयपीटेबल्सच्या (लिनक्सचं फायरवॉल) प्रीराऊटिंगला (रस्ता ठरायच्या आधीचा टप्पा) नेटमॅप (खोट्या रेंजचा आयपी खऱ्यात बदलणारा नियम) लावा, शेवटचा आकडा तोच राहतो, म्हणजे प्रिंटर १०.५०.१.५० वर सापडेल. आत फॉरवर्डिंग (एकीकडून आलेलं दुसरीकडं पाठवणं) चालू पाहिजे आणि कार्डाकडं जाताना मास्करेड (पाठवणाऱ्याचा आयपी बदलून कार्डाचा लावणं) पण, नाहीतर प्रिंटर उत्तर राऊटरकडं पाठवणार आणि तुम्ही वाट बघत बसणार. लाईट गेली की हे सगळं पुसलं जातं, म्हणून सिस्टिमडीची (लिनक्स सुरू होताना कामं चालू करणारा प्रोग्रॅम) सर्व्हिस करून ठेवा.

आणि एक, तिकडचे आयपी बदलत नसले तरी तुमचे तर बदलतील की! दिवाळीला लूम बंद असतात तेव्हा तुमच्या बाजूची रेंज १९२.१६८.४० करा, मग यातलं काहीच लागणार नाही.